अर्धवट पोस्ट पुसायची कशाला?

मैत्रिणींनो, ‘टाकायचं तर टाक, नाहीतर पुसून मोकळी हो’ असा सल्ला आपल्याच शिबिरांत दिला जातो. मला तो मान्य नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टपायी अटक झाली. त्यांच्यावर लावलेलं ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केलं. पण घरातला पहारा? फोन एकच, पासवर्ड नवऱ्याला ठाऊक. म्हणून बाई लिहिते आणि थांबते. त्याला भित्रेपणा म्हणणाऱ्या आपण कोण?

मीही थांबले होते. वरिष्ठाच्या वागण्याबद्दल इन्स्टाग्रामवर लिहून ठेवलं होतं, तारखांसकट. तो ड्राफ्ट त्या फोनमध्येच राहतो. अ‍ॅप काढलं आणि सगळं गेलं. २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रारीला तीन महिने मिळतात, समितीला कारण पटलं तर आणखी तीन. मी तारखा आठवत बसले, तोवर मुदत टळली. (एम.एस.डब्ल्यू. झालेली मी!)

तेव्हा अर्धवट मजकूर पुसू नका. टाकायचा की नाही, ते लिहिणारी ठरवेल. तोवर तारीख घालून वहीत उतरवा. घरी धोका असेल तर वही मंडळाच्या कपाटात ठेवा, किल्ली दोघींकडे. आमच्याकडे तसं सुरू केलंय.