कॉफी नको, शर्यत हवी

रेसिंग गेम खेळणाऱ्यांच्या दोन जाती असतात. एक, हेडफोन चढवून रात्री दोनपर्यंत ऑनलाइन भिडणारे. दुसरे आपण. साडेनऊला ऑफिसातून घरी, जेवण, आणि मग कुणाशी एक शब्दही न बोलता तासभर एकट्याने गाडी पिटाळायची. ‘ग्रॅन टुरिस्मो’ ही या दुसऱ्या जातीची सिरीज होती. ‘होती’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

१९९७चा पहिला भाग आठवा. खिशात फक्त १० हजार क्रेडिट्स. त्यात काय येणार राव? एखादी सेकंडहँड जपानी गाडी. तिच्यावर छोट्या शर्यती मारायच्या, बक्षिसाच्या पैशातून आधी टायर, मग इंजिनाची कामं. शिवाय लायसन्सच्या परीक्षा, आपल्या आरटीओपेक्षा शंभर पट कडक! २००४च्या चौथ्या भागात तर ७००हून जास्त गाड्या आणि नुर्बुर्गरिंगवर २४ तासांची शर्यत होती. स्वतः चालवली तर घड्याळाचे २४ तास, मध्येच सेव्ह करायची सोय नाही. (लोडशेडिंगच्या त्या दिवसांत महाराष्ट्रात हे धाडस कोण करणार होतं, हा भाग वेगळा.) पण जी गाडी मिळायची ती कमावलेली असायची. म्हणून तर ती आवडायची.

मग २०१७चा ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’ आला. सगळा भर ऑनलाइनवर, जुन्या पद्धतीचं करिअर गायब. ओरड झाल्यावर डिसेंबरात एकट्याने खेळायच्या शर्यती फुकट जोडल्या गेल्या. उशिरा वाढलेलं ताट, पण वाढलं हे खरं.

मार्च २०२२मध्ये सातवा भाग आला तेव्हा म्हणूनच अपेक्षा होत्या. गाड्या इतक्या देखण्या की बघत बसावं. आणि करिअर? एक कॅफे. तिथला लुका नावाचा गृहस्थ तुमच्या हातात मेन्यू ठेवतो: अमक्या तीन गाड्या गोळा करा. शर्यतीत पहिल्या तिनात या, गाडी बक्षीस. ती नीट चालवून बघण्याआधी पुढचा मेन्यू हजर. असे ३९ मेन्यू झाले की श्रेयनामावली! त्यातल्या बहुतेक शर्यतींत तुम्ही शेवटून सुरुवात करता, पहिला गडी बराच पुढे निघून गेलेला. मग काय, एकेकाला मागे टाकत सुटायचं. बॉस, याला शर्यत म्हणत नाहीत. हे म्हणजे सकाळी एक्स्प्रेस वेवर ट्रक ओव्हरटेक करणं झालं.

चीड येते ती याची, की चांगले प्रतिस्पर्धी यांच्याकडे आहेत. सोनीच्या ‘सोफी’ या एआय ड्रायव्हरने २०२१मध्ये जगातल्या अव्वल खेळाडूंना हरवलं होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये ती गेममध्ये आलीही, पण ‘क्विक रेस’मध्ये आणि मोजक्या ट्रॅकवर. करिअरमध्ये आपले जुनेच आज्ञाधारक शेजारी.

पैशाचं तर विचारूच नका. २०२२मध्ये १९९४ची मॅक्लारेन एफ-वन गेममध्ये १ कोटी ८५ लाख क्रेडिट्सना होती. २० लाख क्रेडिट्स खऱ्या पैशाने घ्यायचे तर २० डॉलर. करा हिशेब! त्याच मार्चमध्ये अपडेट आलं, बक्षिसं कापली गेली, वर सर्व्हर ३० तासांहून जास्त बंद. करिअर खेळायलासुद्धा नेट लागत असल्याने एकटे खेळणारेही बाहेर. गेमचे कर्ते काझुनोरी यामाउची यांनी माफी मागितली, १० लाख क्रेडिट्स वाटले आणि एप्रिलमध्ये बक्षिसं वाढवली.

डिसेंबर २०२५मध्ये ‘पॉवर पॅक’ आला. २४ तासांची शर्यत परतली, पण वेगळे पैसे मोजून आणि फक्त पीएस-फाइव्हवर. मी म्हणेन, घाई करू नका, सेलची वाट बघा. आणि माळ्यावरचा पीएस-टू अजून चालू असेल, तर तोवर चौथ्या भागाची डिस्क शोधा. लायसन्स बी, परीक्षा पहिली.