फ्लायव्हील बसलं, पण जुळलं का?

मित्रांनो, गाडी दुरुस्त झाली की नाही हे ठरवायची आपल्याकडे एकच पद्धत आहे. सेल्फ मारा. सुरू झाली? मग झाली दुरुस्त! गेल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझंही मत हेच होतं. नायगावला मामांच्या जुन्या पेट्रोल जीपने ते बदललं.

ही जीप विलीजच्या घराण्यातली. महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी या रूपात ती वर्षानुवर्षे आपल्या रस्त्यांवर धावली. मामांच्या जीपचा क्रँकशाफ्ट गेला. नवा कुठून मिळणार? भंगारातल्या दुसऱ्या इंजिनचा क्रँक ग्राइंड करून आणला आणि त्यावर जुनंच फ्लायव्हील चढवायचं ठरलं. सहापैकी चार बोल्ट बसले. उरलेली दोन भोकं काही जुळेनात. गॅरेजवाल्याने गोल कानस घेतली, भोकं मोठी केली, साधे बोल्ट आवळले. गाडी सुरू झाली. मामांनी पेढे वाटले!

नर्सीला जाऊन येईपर्यंत पायाखालचा पत्रा थरथरायला लागला. आठ दिवसांत क्लच झटके मारू लागला. गिअरबॉक्स उतरवून पाहिलं, तर दोन बोल्ट ढिले आणि त्यांची भोकं लंबगोल.

आता गंमत पहा. ती दोन भोकं साध्या बोल्टांची नव्हतीच. ती टेपर डॉवेल बोल्टांची. बाकीचे चार बोल्ट फ्लायव्हील क्रँकवर दाबून धरतात. हे दोन त्याला जागचं हलू देत नाहीत. ही भोकं मूळ जोडीची. दुसऱ्या क्रँकवर ती तंतोतंत येतीलच असं नाही. त्यात आमच्या भंगारातल्या क्रँकची कॉलरही झिजलेली, म्हणजे मधलं केंद्रही हललेलं.

"अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय?" मामा म्हणाले. मी वहीचं मागचं पान काढून गणित मांडलं. फ्लायव्हील १५ किलोचं, केंद्रापासून अर्धा मिलिमीटर सरकलेलं, वेग ३००० आरपीएम. उत्तर आलं सुमारे ७४० न्यूटन, म्हणजे ७५ किलोचा भार! एखादा धडधाकट माणूस क्रँकच्या टोकाला लटकलाय आणि सेकंदाला ५० गिरक्या घेतोय, असं समजा. त्याच फ्लायव्हीलची त्रिज्या १५ सेंटिमीटर धरली, तर त्यात साठलेली ऊर्जा सोयाबीनची ५० किलोची १७ पोती एक मीटर उचलण्याइतकी भरते. आणि हे सगळं ड्रायव्हरच्या पायाजवळ फिरतंय. बोल्ट तुटले तर काय, याचा विचार कानस चालवताना कुणी केला होता?

याचा उपाय विलीजच्या जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेला आहे. क्रँक किंवा फ्लायव्हील यांपैकी एकच बदललं, तर आधी दोन्ही एकत्र आवळायचे. मग टेपर भोकांतून ३५/६४ इंची ड्रिल, त्यानंतर ९/१६ इंची रीमर फिरवायचा आणि टेपर बोल्टऐवजी घट्ट बसणारे सरळ बोल्ट घालायचे. ड्रिल १३.८९ मिलिमीटरचं, रीमर १४.२९ चा. रीमरने काढायचा फक्त ०.४ मिलिमीटर! भोक मोठं कानसही करते आणि रीमरही. फरक एवढाच की रीमरचं भोक गोल आणि मापात येतं.

शेवटी नांदेडच्या एका म्हाताऱ्या टर्नर काकांनी हे काम केलं. त्यांनी मॅन्युअल पाहिलेलंही नव्हतं. त्यांनी फ्लायव्हीलच्या कडेला डायल गेज लावला, क्रँक हाताने फिरवत तांब्याच्या हातोडीने फ्लायव्हील हळूहळू केंद्रात आणलं, चार बोल्ट आवळले आणि मगच ड्रिलला हात घातला. टीडीसीची खूण जागेवर आहे का, रिंग गिअरचे दात स्टार्टरच्या पिनियनशी जुळतात का, क्रँकच्या टोकातला पायलट बुश घासलाय का, सगळं बघितलं. मधेच मला म्हणाले, "नुसतं काय बघलालास? धर की डायल!"

आणि मित्रांनो, मला तो धरता आला नाही. मॅग्नेटिक बेस कुठे लावायचा, सुई शून्यावर कशी आणायची, काही कळेना. जर्नलमध्ये मात्र त्याची रीडिंग्ज आहेत, लाल शाईच्या सहीसकट. ती कुठून आली हे तुम्हाला सांगायला नको!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जुगाडाचं आपण फार कौतुक करतो. अडचणीत मार्ग काढणं वेगळं आणि माप न घेता बसवणं वेगळं. भंगारातला क्रँक वापरणं ही काटकसर होती, कानस मारणं हा जुगार होता. पण त्या गॅरेजवाल्याला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला तरी कुठे आहे? त्याला गणित येत नव्हतं, मला डायल येत नव्हता. मामांची गाडी दोघांच्याही भरवशावर टाकण्यासारखी नव्हती.

कुणी म्हणेल, आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या, फ्लायव्हील शिकून करायचं काय? अहो, मोटरचा रोटरही शाफ्टवरच बसतो ना! केंद्र, बॅलन्स, फिट हे तिथेही आहेच. उलट ती मोटर जास्त वेगाने फिरते, तिथे चूक आणखी महाग पडते.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक बॅचला भंगारातलं एक इंजिन द्या. फ्लायव्हील उतरवू द्या, पुन्हा चढवू द्या आणि रनआउट प्रत्येकाने स्वतः मोजावा. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी हातात डायल द्या. आणि वर्षातून एकदा अशा एखाद्या टर्नर काकांना मानधन देऊन वर्कशॉपमध्ये बोलवा.

मामांची जीप आता शांत चालते. परवा फोनवर म्हणाले, "तू इंजिनिअर झालास की पुढचं काम तुझ्याकडंच." मी "हो" म्हणालो खरा, पण डिग्री मिळायच्या आत डायल धरायला शिकलं पाहिजे. नाहीतर तेही "हो" जर्नलमधल्या रीडिंगसारखंच!