लेकरांना सगळं कळतं

मैत्रिणींनो, ‘लेकराला काय कळतंय?’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! घरात कुणी गेलं, की लहानग्यांना शेजारी पाठवायचं. त्यांनी विचारलं तर ‘गावाला गेलेत, येतील’ असं सांगून वेळ मारून न्यायची. आपल्याला वाटतं, आपण लेकराला जपलं. पण घरात काहीतरी भयंकर घडलंय हे त्याला कळलेलंच असतं. फक्त त्यावर बोलायला कुणी उरत नाही.

आपल्या औसा तालुक्याइतकं हे कुणाला माहीत असणार? ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला. जाड दगडमातीच्या भिंती आणि वरची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. आठ-दहा हजार माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं नव्यानं वसवावी लागली. मी तेव्हा सातवीत होते. पुढं कितीतरी महिने लेकरं छताखाली झोपायला तयार नव्हती. रस्त्यानं ट्रक गेला तरी अंगणात पळत सुटायची.

बचत गटाच्या कामात माझ्यासोबत असलेली एक मैत्रीण त्या वेळी आठ वर्षांची होती. आई ढिगाऱ्याखाली गेली. नातेवाइकांनी तिला सांगितलं, ‘आई सोलापूरला दवाखान्यात आहे.’ ही पोर रोज एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभी राहायची. ती म्हणते, “आई गेली त्याचं दुःख तर हायच. पण सगळ्या गावाला ठावं होतं अन् मलाच नव्हतं, हे अजून टोचतंय.”

त्या काळात लेकरांसाठी चांगलं कामही झालं. पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकारानं नळदुर्गला ‘आपलं घर’ उभं राहिलं. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेऊन शिकवलं. वेळेवर जेवण, शाळा, खेळ आणि आपल्यासारखंच दुःख असलेले सोबती. सावरायला एवढ्याचा फार आधार होतो. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडच्या भूकंपग्रस्त बाया तिकडच्या बायांना भेटायला गेल्या होत्या. ज्यानं सोसलंय, त्याच्याशी बोलायला माणूस लाजत नाही.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. पण २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज येऊ लागले, तेव्हा लोक पुन्हा घराबाहेर झोपले. २०२४ मध्ये हिंगोलीचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. सप्टेंबर २०२५ च्या पुरानं मराठवाड्यात रानं आणि घरं खरवडून नेली. त्याच वर्षी मे महिन्यात पाकिस्तानशी संघर्ष पेटला आणि टी.व्ही.वर दिवसरात्र स्फोट दिसू लागले. ‘आपल्यावर बॉम्ब पडंल का?’ असं लेकरं विचारत होती. ज्यांचे बाबा सैन्यात आहेत, ती तर काही विचारतही नव्हती. आणि ज्या घरात कर्त्या माणसानं कर्जापायी जीव दिला, तिथं लेकरांशी कोण बोलतं?

लेकरू भ्यालंय हे ते शब्दांत सांगत नाही. मोठं झालेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करतं. आईचा पदर सोडत नाही. शाळेच्या वेळी पोट दुखतं. घर पडल्याचा नाहीतर बॉम्बचा खेळ परत परत खेळतं. वयात आलेली पोरं चिडतात किंवा गप्प होतात. अशा वेळी रागवू नका, मारू नका. खेळाची आणि चित्रांची मोकळीक द्या.

खरं सांगा, पण थोडक्यात. ‘झोपलेत’ म्हणू नका, लेकरू झोपेलाच भिईल. ‘बाबा वारले, ते परत येणार नाहीत. पण मी आहे, आजी आहे,’ एवढं पुरे. तेच ते दहा वेळा विचारलं तरी दहा वेळा सांगा. ‘तुझ्यामुळं काही झालेलं नाही,’ हे न विचारताही सांगा. ‘काही होणार नाही’ अशी हमी देण्यापेक्षा ‘धक्का बसला तर आपण असं करू’ हे करून दाखवा. बातम्या बंद करा. जेवण, झोप, शाळा यांच्या वेळा लवकर पूर्ववत करा. तुम्हाला रडू आलं तर रडा. का रडतोय हे मात्र त्याला सांगा.

आणि एक कळकळीची विनंती. दहा वर्षांच्या पोराला ‘आता तूच घरचा कर्ता’ म्हणू नका. त्याचं रडणंच बंद होतं. आणि बाप गेला म्हणून पोरीची शाळा सोडवून तिच्या लग्नाची घाई करू नका. एका धक्क्यावर दुसरा धक्का कशाला?

महिना उलटला तरी लेकरू नीट जेवत-झोपत नसेल, तर सरकारी दवाखान्यात मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. मरणाची भाषा करत असेल, तर एक दिवसही थांबू नका. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. यात वेड लागण्याचा काही संबंध नाही. ताप आला की दाखवतो, तसंच हे.

किल्लारीची त्या वेळची लेकरं आज चाळिशीत आहेत, स्वतः आईबाप आहेत. तुमच्या गल्लीतही कुणी असेल. येत्या ३० सप्टेंबरला त्यांना एकदा विचारा, ‘त्या रात्री तू कुठं होतीस?’ विचारा आणि शांतपणे ऐका. कितीजणींना हे आजवर कुणी विचारलेलंच नाही.