घरचें आरोग्य : रक्ताचें नातें आणि रक्ताचा गट

‘रक्ताचें नातें’ हा शब्द आपल्या घरांत नित्याचा आहे. परंतु मूत्रपिंड देण्याघेण्याचा प्रसंग आला म्हणजे नातें निराळें आणि रक्त निराळें, हें एकाएकीं कळून येतें. पुण्याजवळच्या वारज्यांतील एखाद्या एकत्र कुटुंबांत कर्त्या पुरुषाचीं मूत्रपिंडें निकामी झालीं, तर आई, भाऊ, पत्नी सगळींच पुढें होतात. पहिली निवड मात्र रक्तगट करतो.

कार्ल लँडस्टायनर यांनीं १९०१ सालीं हे गट दाखवून दिले. ‘ए’ गटाच्या तांबड्या पेशींवर ‘ए’ ही खूण असते, ‘बी’च्या पेशींवर ‘बी’, ‘एबी’च्या पेशींवर दोन्ही, आणि ‘ओ’च्या पेशींवर यांपैकीं एकहि नसते. जी खूण आपल्यापाशीं नाहीं तिच्याविरुद्ध आपल्या रक्तद्रवांत प्रतिद्रव्यें असतात. याच खुणा मूत्रपिंडांतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरहि असल्यामुळें विजोड मूत्रपिंड थोड्याच वेळांत निकामी होऊं शकतें. म्हणून ‘ओ’ गटाचा मनुष्य सर्वांना देऊं शकतो. घेऊं शकतो तो मात्र ‘ओ’कडूनच.

या नियमाचा अपवाद आपल्या मुंबईंतच सांपडला. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं १९५२ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत त्याचें वर्णन केलें, आणि ‘बॉम्बे रक्तगट’ हें नांव जगभर रूढ झालें. ‘ओ’च्या पेशींवर निदान ‘एच्’ ही मूळची खूण तरी असते; या लोकांच्या पेशींवर तीहि नसते. म्हणून ‘ओ’चें रक्तहि त्यांना घातक ठरतें. केवळ पेशी तपासल्या तर गट ‘ओ’ भासतो. रक्तद्रव ‘ओ’च्या पेशींशीं ताडून पाहिला म्हणजे खरा प्रकार उघडकीस येतो. आपल्या देशांत असा मनुष्य सुमारें दहा हजारांत एक आढळतो.

हा गुण आई व बाप या दोघांकडूनहि यावा लागतो; त्यामुळें अशा मनुष्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडांतहि तो असण्याचा संभव साधारणतः चारांत एक असतो. भावंडांची तपासणी प्रथम करावी ती यासाठींच. ‘एबी’ गटाच्या मातेचें वा पित्याचें मूल क्वचित् ‘ओ’ गटाचें भासतें, तेंहि यामुळेंच. अशा वेळीं सुनेच्या शीलाविषयीं कुजबूज करणें हा अन्याय तर खराच, पण अज्ञानहि होय.

गट जुळला नाहीं म्हणून निराश होण्याचें कारण नाहीं. प्रतिद्रव्यें काढून टाकून विजोड मूत्रपिंड बसविण्याची रीत आज उपलब्ध आहे. १९९४च्या कायद्यांत २०११ सालीं झालेल्या दुरुस्तीनें दोन कुटुंबांना आपापले दाते अदलाबदल करण्याची मुभा दिली, आणि आजीआजोबा व नातवंडें यांनाहि जवळचे नातलग मानलें. सून किंवा भावजय त्यांत येत नाहीं. तिचें दान स्वीकारण्यापूर्वीं अधिकृत समितीची मान्यता लागते. घरांतील वडील मंडळींनीं हें ध्यानांत ठेवावें. जी मुलगी मोठ्यांपुढें ‘नाहीं’ म्हणूं शकत नाहीं, तिचें ‘होय’ दान ठरत नाहीं.

सर्वांचे गट घरांत आजारपण नसतांनाच तपासून एका वहींत लिहून ठेवावे. आणि कोणी पुढें झाला, तर त्याला आधीं एकांतांत विचारावें.