चिठ्ठी आणि हक्क

गिरगावच्या चाळीत भिशीची चिठ्ठी निघताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना पितळी डब्यातल्या घड्यांत चाचपडणारा, अक्षरओळखही नसलेल्या पोराचा इवलासा हात आठवेल. तेथे दैवाचा कौल निमूटपणे मानला जाई, कारण आज ना उद्या प्रत्येकाची पाळी येणारच असे. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने ज्यांचे संसार उधळले, त्या लालबाग-परळच्या गिरणी कामगारांकरिता व त्यांच्या वारसांकरिता म्हाडाने २०१२ साली ६,९२५ घरांची सोडत काढली, तेव्हा अर्जदार लाखाहून अधिक होते. वशिल्यापेक्षा सोडत बरी, हे मान्य. तथापि हजेरीपटावर उभी हयात काढलेल्या माणसाचा हक्क नशिबाच्या हवाली करणारा हा इन्साफ आम्हांस उफराटाच वाटतो.