चमकेपेक्षा जाळ बरा

सोनं महागलं की मराठी वर्तमानपत्रांत ते ‘झळाळतं’. मेथी किंवा टोमॅटो महागला की तो मात्र ‘कडाडतो’. भाववाढ दोन्हीकडे सारखीच, पण सराफांच्या गुजरीतल्या दागिन्याच्या वाट्याला उजेडाचं क्रियापद येतं आणि मंडईतल्या भाजीच्या वाट्याला आभाळातल्या गडगडाटाचं. मथळा लिहिणारा उपसंपादक असा भेद काही ठरवून करत नाही. भाषेनेच तो करून ठेवला आहे. उजेडाचे शब्द मिरवायच्या वस्तूंकडे जातात, जिवंतपणाचे शब्द कानाला आणि कातडीला भिडतात. कोल्हापुरात तर हा कल फारच ठळक दिसतो.

शाळेच्या व्याकरणात ‘अनुकरणवाचक’ म्हणून दोन ओळींत उरकले जाणारे शब्द आधी पाहावेत. घासलेलं पितळेचं भांडं लखलखीत, जरीचं लुगडं झगझगीत, पुसलेली फरशी चकचकीत, सकाळी तोडलेली भाजी टवटवीत. नाक तरतरीत, कुंकू ठसठशीत. रुपया आणि आवाज दोन्ही खणखणीत. यांची अदलाबदल करून पाहावी. तरतरीत फरशी कुणी ऐकली नसेल आणि चकचकीत मेथीही नसेल. (चकचकीत वांगं मात्र चालतं, भाषेने वांग्याला कशी कोण जाणे, सवलत दिली आहे.)

यातल्या कितीतरी शब्दांचं मूळ उजेडात नाही, चटक्यात आहे. कातडीला होणारी बारीक आग म्हणजे चुणचुण आणि त्यावरून हुशार पोर चुणचुणीत. मार बसल्यावर अंग झणझणतं. तीच झणझण पुढे मिसळीच्या कटात उतरली, आणि तिथून अग्रलेखातल्या ‘झणझणीत अंजना’त. इंग्रजीतला ‘स्मार्ट’ही याच वाटेने आला. त्याचाही मूळ अर्थ झोंबणं, दुखणं असाच होता. हुशारी आणि टापटीप त्याला नंतर चिकटली. कोल्हापूरच्या बोलण्यातला ‘रग’ हा तर या घराण्याचा थोरला. खूप चालून पायाला लागते ती रग आणि तरण्याबांड पैलवानाच्या अंगात असते तीही रगच. ती जिरवायलाही कुणीतरी टपलेलं असतंच.

त्यासाठी शाहू महाराजांनी इथे खासबाग बांधलं. 1912 मध्ये सुरू झालेल्या या मैदानात कुस्तीचा रंग डोळ्यांआधी कानाने कळतो. हलगी संथ असते तोवर दोघे एकमेकांचा अंदाज घेत असतात. डाव जवळ आला की हलगी कडाडते, लोक उठून उभे राहतात. दुसऱ्या दिवशी क्रीडापानावर तो मल्ल ‘चमकतो’, ते वेगळं. मैदानात बसलेला माणूस हे क्रियापद वापरत नाही. ‘चमक’ इथे जरा संशयाचीच. फोटोत पुढे घुसणारा कार्यकर्ता तो चमको, आणि त्याचा उद्योग चमकोगिरी. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘तेजस्वी’, ‘तेजोमय’ अशी विशेषणं इतकी चिकटवली गेली की आता ती वाचून कुणी मान वर करत नाही.

मग कोल्हापूर मनापासून दाद देतं ती कशी? ‘नाद खुळा.’ ‘काटा किर्र.’ ‘जाळ अन् धूर संगटच.’ यात एकही शब्द उजेडाचा नाही. नाद ऐकायचा असतो, काटा टोचतो, आणि जाळ असला तरी त्याच्या बरोबर धूर हवा. नुसत्या ज्योतीवर इथल्या माणसाचं समाधान होत नाही. नाद हा मराठीत व्यसनालाही म्हणतात आणि खुळा म्हणजे वेडा. शब्दशः पाहिलं तर ही दाद नव्हे, तक्रारच ठरेल.

उजेडाचा शब्द हे गाव पूर्ण गांभीर्याने वापरतं ते अंबाबाईच्या किरणोत्सवात. नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीअखेर, फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येत गाभाऱ्यात पोहोचतात: एका दिवशी चरणांपर्यंत, मग कमरेपर्यंत, मग मुखापर्यंत. ढग, धूलिकण आणि वाटेतली उंच बांधकामं यांच्यामुळे किरणं कधी मध्येच अडतात. पण त्या वेळच्या बातम्यांतही विशेषणांची आतषबाजी क्वचितच असते. किरणं किती वाजता कुठल्या उंबऱ्याला आली आणि कुठवर चढली, एवढंच सांगितलं जातं. सोबत कधी प्रकाशाची मोजणी लक्समध्ये दिलेली असते. खरा उजेड समोर असला की ‘लखलखीत’ म्हणायची गरज पडत नाही, असं फार तर म्हणता येईल.

शाहू स्टेडियममधला फुटबॉल हा मात्र पुन्हा आवाजाचा मामला. संघांची नावं तालमींची: पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल आणि ‘दिलबहार’, म्हणजे मनाचा वसंतच. इतकं फारसी नजाकतीचं नाव छातीवर घेऊन पोरं चिखलात घसरतात, तेव्हा गॅलरीतून ऐकू येतं ते ‘काटा किर्र’च. अलीकडे या दादेत आणखी एका शब्दप्रयोगाची भर पडली आहे: ‘विषय हार्ड’. इंग्रजीच्या भांडारात ‘ब्राइट’ होता, ‘ब्रिलियंट’ होता, ‘शायनिंग’ तर सरकारी जाहिरातीत गाजलेला. ते सगळे बाजूला ठेवून या गावाने उचलला तो हाताला टणक लागणारा शब्द.