आपल्या वावरात कॉफी होईल काय?



गेल्या पंधरवड्यात अकोल्याला जठारपेठेत एका ओळखीच्या घरी बसलो होतो. त्यांचे व्याही-विहीण खेड्यावरून आले होते. सूनबाईने कॉफी दिली. घोट घेऊन व्याही म्हणाले, “साहेब, रोपं विकणारा एक जण आला होता. म्हणे, चिखलदऱ्याले कॉफी होते, तर तुमच्या वावरात काऊन नाही होणार? शंभर रोपांचा इसार देऊन बसलो त्याले.”

चिखलदऱ्याला होते हे खरे. इंग्रजी अमदानीत तिथे कॉफी लावली गेली, ती आजही आहे. पण चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच. अकोला जेमतेम ३०० मीटरच्या आसपास. कॉफीला डोंगरउतार, मोठ्या झाडांची सावली, भरपूर पाऊस आणि गारवा लागतो. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत ती करपून जाते. विहिरीचे पाणी दिले म्हणून उन्हाची झळ थोडीच कमी होते? काळ्या जमिनीत पाणी साचले तर तेही तिला सोसत नाही. आणि फळ धरायला तीन-चार वर्षे.

मूळची ती इथिओपियाच्या रानातली. येमेनमधले सूफी फकीर रात्री जागण्यासाठी तिचा काढा घेत. बाबा बुदन यांनी हजहून येताना सात बिया लपवून आणल्या आणि कर्नाटकात चिकमंगळूरकडे लावल्या, अशी कथा सांगतात. त्यांनीही डोंगरच निवडला!

विहीणबाईंचा प्रश्न निराळा होता. “पुडीत भेसळ असते काय?” पाकिटावर वाचून पाहावे. चिकोरी मिसळायला कायद्याची मुभा आहे, पण कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण छापलेले हवे. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. तिने रंग येतो, कडवटपणा येतो. तरतरी येत नाही.

कॉफीच्या बियांची पूड चहासारखी खळखळ उकळू नये, कडू होते. पाणी उकळून खाली उतरवावे, पूड टाकून चार-पाच मिनिटे झाकावे, फडक्याने गाळून वर गरम दूध घालावे. मात्र जेवणावर लगेच कॉफी नको, चहाही नको. त्याने भाकरी-भाजीतले लोह अंगी कमी लागते. रक्त कमी असलेल्या बायाबापड्यांनी तरी तासभर थांबावे. रात्री घेतली तर झोप उडते, हे ओलिताला जाणाऱ्यांना सांगायला नको.

रोपे अजून यायची आहेत. इसार परत मागायला जाताना व्याही मला सोबत नेणार आहेत.